डोमेन मॉडेल दाखवायला तुम्ही कोणती आकृती काढता?

उभी_रेघ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण तपशील गाळले तर त्यातलं नेमकं तेच निसटेल, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही पाच जण एका रुग्णालयाच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. डॉक्टरांनी चाचण्या लिहून दिल्यापासून रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही होईपर्यंतचा सगळा पल्ला. डोमेन मॉडेल, म्हणजे त्या कामातल्या गोष्टी आणि त्यांची एकमेकांशी नाती यांची मांडणी, करायचं काम माझ्याकडे होतं. पहिले दोन आठवडे लॅबमध्येच बसून काढले, वहीभर टिपणं झाली आणि मग क्लास डायग्राम काढला. २३ क्लास (म्हणजे 'चाचणी', 'सॅम्पल' असे गोष्टींचे प्रकार), प्रत्येक रेघेच्या टोकाला एकाला किती ते सांगणारा आकडा, सगळं यूएमएलच्या, म्हणजे अशा आकृत्यांच्या प्रमाण पद्धतीच्या, नियमाला धरून. मोठ्या कागदावर छापला आणि मुख्य टेक्निशियन मॅडम आणि पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर यांच्यासमोर ठेवला. तासभर बोलणं झालं. दोघंही म्हणाले, "हो, बरोबर वाटतंय." आम्ही कोड लिहायला लागलो.

तीन आठवड्यांनी मॅडम पहिल्यांदा स्वतः स्क्रीनवर बसल्या आणि दुसऱ्याच चाचणीला अडल्या. ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट. उपाशीपोटी एकदा रक्त घेतात, मग ग्लुकोज विरघळवलेलं पाणी प्यायला देतात, आणि एक तासाने व दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. चाचणी एक, ट्यूब तीन. आमची स्क्रीन एका चाचणीला एकच बारकोड घेत होती. डायग्राम परत उघडून बघितला, तर 'चाचणी' आणि 'सॅम्पल' यांच्यामधल्या रेघेच्या टोकाला स्वच्छ '१' लिहिलेला होता. दोघांनीही तो बघितला होता. मीच बोट ठेवून दाखवला होता.

मॅडमना मी दोष देत नाही. त्या बावीस वर्षं हे काम करताहेत, त्यांना ही चाचणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. मग त्या '१'वर त्या अडल्या का नाहीत, हे मला समजून घ्यायचंय.

टीममध्ये आता प्रत्येकाचं मत वेगळं आहे. एक जण म्हणतो इव्हेंट स्टॉर्मिंग करू, एक जण सी४ म्हणतो, एकीचं म्हणणं सरळ ईआर डायग्राम काढावा. नुसत्या यूएमएलमध्येच १४ प्रकार आहेत. डोमेन मॉडेल त्या कामातल्या माणसांना दाखवायचं असेल तर तुम्ही काय काढता, आणि ते कसं ठरवता?

---

जुनी_वही

तुमचा अनुभव वाचताना माझे पहिले दोन प्रोजेक्ट डोळ्यांसमोर आले. नेमकं असंच झालं होतं, फक्त तिथे गोदामातला माल होता.

आकृती निवडताना मी एकच गोष्ट बघतो. समोरच्या माणसाला ती बघून "छे, आमच्याकडे असं नसतं" असं म्हणता येईल का? तुमच्या डायग्राममध्ये चूक होती, पण ती मॅडमना पकडता येईल अशा रूपात नव्हती. रेघेच्या टोकाचा '१' हा जगातल्या सगळ्या चाचण्यांबद्दल एका दमात केलेला दावा आहे. तो खोडायचा तर डोक्यातल्या शेकडो चाचण्या एकेक करून त्याच्यावर घासून बघाव्या लागतात. आपल्याला त्याची सवय असते. ज्यांचं काम रोज एकेका पेशंटशी आणि एकेका ट्यूबशी आहे, त्यांना ती नसते, आणि असायची गरजही नाही. "बरोबर वाटतंय" याचा अर्थ तेव्हा "शब्द ओळखीचे आहेत" एवढाच असतो.

म्हणून मी आधी क्लास काढतच नाही, घडलेली गोष्ट काढतो. यूएमएलमध्ये याला ऑब्जेक्ट डायग्राम म्हणतात. तुमच्या १४ प्रकारांपैकी एक, आणि माझ्या बघण्यात फार थोडे लोक तो वापरतात. चौकटीत प्रकाराऐवजी एक ठराविक वस्तू असते, तिचं नाव अधोरेखित करतात, आणि आत खऱ्यासारख्या किमती लिहितात. '१' किंवा '०..*' (शून्य ते कितीही) असलं काही नसतं. तीन ट्यूब असतील तर तीन चौकटी दिसतात.

तुमच्याच लॅबचं पान मी असं काढलं असतं:

पेशंट अ, सकाळची ऑर्डर
— चाचणी: ग्लुकोज टॉलरन्स
  — ट्यूब १०१, राखाडी टोपण, ८:०५, उपाशीपोटी
  — ट्यूब १०२, राखाडी टोपण, ९:१०, एक तासाने
  — ट्यूब १०३, राखाडी टोपण, १०:१०, दोन तासांनी
— चाचणी: सीबीसी
  — ट्यूब १०४, जांभळं टोपण, ८:०५
— चाचणी: एचबीए१सी
  — ट्यूब १०४ (वरचीच)

हे पान मॅडमसमोर ठेवा आणि नुसतं विचारा, "अशी सकाळ कधी झालीये का?" आकडे, वेळा, टोपणांचे रंग बघून त्या लगेच बोलायला लागतील, कारण ही त्यांची रोजची भाषा आहे. एका चाचणीला तीन ट्यूब हे तर दिसेलच, पण शेवटच्या ओळीकडेही बघा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) दोन्ही ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या जांभळ्या ट्यूबमधूनच होतात, त्यामुळे एकच ट्यूब दोन चाचण्यांना पुरते. म्हणजे दोन्ही बाजूंनी अनेक. तुमच्या '१'ला दोन्ही टोकांनी धक्का बसला, आणि त्यासाठी कुणाला यूएमएल शिकवावं लागलं नाही.

आता यातून क्लास डायग्राम स्वतःच बदलतो. 'उपाशीपोटी', 'एक तासाने' हे ट्यूबचे गुण म्हणावेत का? नाही, कारण तीच ट्यूब दुसऱ्या चाचणीत वापरली तर तिथे त्याला अर्थ नसतो. चाचणीचे म्हणावेत तर तेही नाही, कारण चाचणी तर एकच आहे. म्हणजे दोघांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे. तिला लॅबमध्ये काय म्हणतात ते मॅडमना विचारा, तुम्ही नाव शोधू नका. एरिक एव्हान्सने २००३ च्या 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या पुस्तकात युबिक्विटस लँग्वेजवर जो इतका भर दिला तो याचसाठी: तज्ज्ञांच्या तोंडात, आकृतीत आणि कोडमध्ये एकच शब्द असला पाहिजे.

आणखी एक सवय सांगतो, तिचा मला फार उपयोग झालाय. तीन पानं नेहमीची काढली की चौथं मुद्दाम शंकास्पद काढतो. उदाहरणार्थ, एकाच ट्यूबवर दोन पेशंटची नावं. किंवा सही झालेल्या रिपोर्टमधली एक चाचणी अजून बाकी. आणि विचारतो, "हे कधी होऊ शकतं का?" पहिल्याला लोक ताडकन "कधीच नाही" म्हणतात, तो नियम मिळाला. दुसऱ्याला बऱ्याचदा "हो, कधीकधी करावं लागतं" असं उत्तर येतं, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

---

टाचणी

जुनी_वही यांच्याशी सहमत. पण ऑब्जेक्ट डायग्राम म्हणजे एका क्षणाचा फोटो. काळाबरोबर बदलणाऱ्या गोष्टीला तो पुरत नाही. त्यासाठी स्टेट डायग्राम, म्हणजे एखादी गोष्ट कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाते ते दाखवणारी आकृती, काढा, आणि एका वेळी एकाच गोष्टीचा.

तुमच्या मॉडेलमध्ये रिपोर्टवर 'तपासला', 'सही झाली', 'पाठवला' असे तीन हो/नाही रकाने असतील अशी माझी अटकळ आहे. तीन रकान्यांच्या आठ जोड्या होतात. त्यातल्या अर्थाच्या चारच: काहीच नाही, तपासला, सही झाली, पाठवला. उरलेल्या चार कोडमध्ये घडू शकतात आणि लॅबमध्ये घडू नयेत. 'पाठवला पण सही नाही' ही त्यातलीच. आणि पाठवून झाल्यावर चूक सापडली तर दुरुस्त रिपोर्ट काढतात, त्याला या आठांत जागाच नाही.

गोल काढा, बाण काढा, बाणावर काय घडलं ते लिहा. मग डॉक्टरांना एकेका अवस्थेवर बोट ठेवून विचारा, "इथे असताना मशीनवरून नवा निकाल आला तर?" मी तर आकृतीच्या जोडीला तक्ताही करते: आडव्या ओळींत अवस्था, उभ्या रकान्यांत घटना. जो रकाना रिकामा राहतो तो प्रश्न. आकृतीत न काढलेला बाण डोळ्याला दिसत नाही, तक्त्यात रिकामी जागा दिसते.

अवस्थांची संख्या वाढली आणि बाणांचं जाळं झालं, तर डेव्हिड हॅरेलने १९८७ मध्ये मांडलेले स्टेटचार्ट बघा. इस्रायल एअरक्राफ्ट इंडस्ट्रीजमध्ये विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर काम करणाऱ्या इंजिनिअरांबरोबर बसून त्याने ते रचले. अवस्थेच्या पोटात अवस्था ठेवता येते. 'सही झाली'च्या आत 'मूळ' आणि 'दुरुस्त' ठेवलं की अर्धे बाण जातात.

---

तिसरा_फळा

टीममधल्या तीन मतांबद्दल लिहितो, कारण ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि एकमेकांशी भांडताहेत.

सी४ बाजूला ठेवा. सायमन ब्राऊनचे ते चार थर तुमचं सॉफ्टवेअर कशाकशाचं बनलंय ते सांगतात: कोणाशी बोलतं, त्यात कोणती चालणारी ॲप्लिकेशनं आणि डेटाबेस आहेत, त्यांच्या आत काय. नवीन डेव्हलपर आला की पहिल्या दिवशी तेच दाखवा. ट्यूब आणि चाचणी यांचं नातं त्यात कुठेच येत नाही.

ईआर डायग्राम पीटर चेनने १९७६ मध्ये मांडला, तो डेटा कसा आहे हे सांगायला. टेबलं ठरवताना टीममध्ये काढा. मॅडमसमोर ठेवलात तर आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आणि कावळ्याच्या पायासारख्या खुणा येतील, बाकी अडचण तीच.

इव्हेंट स्टॉर्मिंग मात्र तुम्ही करायला हवं होतं असं मला वाटतं, आणि अगदी सुरुवातीला. अल्बर्टो ब्रँडोलिनीची ही पद्धत २०१३ पासूनची. लांब भिंतीवर कागद लावायचा आणि नारिंगी चिठ्ठ्यांवर घडून गेलेल्या घटना भूतकाळात लिहून कालक्रमाने चिकटवायच्या: 'सॅम्पल घेतलं', 'सॅम्पल लॅबला मिळालं', 'सॅम्पल नाकारलं', 'रिपोर्टवर सही झाली'. जिथे दोघांचं पटत नाही तिथे गुलाबी चिठ्ठी. तिचं बळ आहे ते सगळ्यांना एका भिंतीसमोर उभं करण्यात. तुम्ही दोनच माणसांना विचारलंत. वॉर्डात रक्त घेणारी नर्स, बिलिंगची खिडकी, मशीन चालवणारा टेक्निशियन, यांना कोणी विचारलं? मॅडमना लॅबमधलं सगळं माहीत असेल, पण एक तासाची ट्यूब वॉर्डात वेळेवर घेतली गेली का, हे नर्सला माहीत.

आणि भिंतीवर शब्द फुटतात. बिलिंगवाल्यांची 'टेस्ट' म्हणजे बिलातली एक ओळ. लिपिड प्रोफाइल त्यांच्यासाठी एक टेस्ट. लॅबसाठी त्यात टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड असे वेगवेगळे निकाल आहेत, आणि एलडीएल तर पुष्कळदा मोजत नाहीत, बाकीच्या तिघांवरून गणित करून काढतात. मशीनवरून कधीच न येणारा निकाल! 'टेस्ट' नावाचा एकच क्लास काढून दोघांना खूश करायला गेलात तर तो क्लास दोन्हीकडून फाटेल. इथे काँटेक्स्ट मॅप काढा. दोन मोठे गोल, बिलिंग आणि लॅब. प्रत्येकात त्यांची त्यांची 'टेस्ट'. मधल्या रेघेवर कोण कोणाला काय देतं ते. पाच मिनिटांची आकृती आहे, पण ती नसल्यामुळे आम्ही एका प्रोजेक्टमध्ये चार महिने एकाच टेबलात रकाने वाढवत बसलो होतो.

भिंत आणि दहा माणसं जमवणं शक्यच नसेल, तर स्टेफान होफर आणि हेनिंग श्वेंटनर यांचं डोमेन स्टोरीटेलिंग करा. माणूस बोलत जातो, तुम्ही माणसांची आणि वस्तूंची चित्रं काढून बाणांवर १, २, ३ असे क्रमांक टाकत जाता. एका चित्रात एकच गोष्ट, 'जर-तर' नाही. 'जर' आलं की नवं चित्र.

---

मूळ_प्रत

वरच्या सगळ्यांचं पटतं, पण क्लास डायग्रामला अशी शिक्षा नको. टीममधल्या पाच जणांना '१' की '*' हे नेमकं कळायलाच हवं, आणि ते दहा ऑब्जेक्ट डायग्राममधून प्रत्येकाने आपापल्या मनाने काढलं तर पाच मॉडेलं होतील. चूक २३ क्लास एका कागदावर घालण्याची. मी एका आकृतीला एकच प्रश्न देतो आणि तो तिच्या डोक्यावर पूर्ण वाक्यात लिहितो. 'एक ट्यूब कोणकोणत्या चाचण्यांना पुरते?' त्या प्रश्नाला न लागणारा क्लास आला की खोडतो. पाच-सहाच्या वर चौकटी क्वचित उरतात.

शिवाय त्या आकृत्या कोडच्या शेजारी, मजकुराच्या रूपात ठेवा. मजकुरावरून आकृती काढणारी प्लांटयूएमएल किंवा मरमेड, दोन्ही चालतात. गिटहब (कोड ठेवायची साइट) फेब्रुवारी २०२२ पासून मरमेड थेट काढून दाखवतं, त्यामुळे कोडबरोबर आकृतीतला बदलही रिव्ह्यूमध्ये दिसतो. कोडवरून आपोआप डायग्राम काढणारी टूल्स या कामाला घेऊ नका. ती तुम्ही काय लिहिलंत तेच परत दाखवतात. लॅबमध्ये काय घडतं ते त्यांना ठाऊक नसतं. तुमचा '१' त्यांनीही '१'च दाखवला असता.

फळ्यावरच्या आकृत्यांचे फोटो मात्र जपून ठेवू नका. सहा महिन्यांनी कोणीतरी तेच खरं धरून चालतो.

---

उभी_रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवस गेले, म्हणून काय झालं ते सांगते.

जुनी_वही यांनी काढलंय तसंच पान हाताने काढलं, तसली आणखी तीन, आणि शेवटचं शंकास्पद. मॅडमबरोबर वॉर्डातल्या एका सिस्टरनाही बोलावलं. मी काही विचारायच्या आधीच सिस्टर ९:१० वर बोट ठेवून म्हणाल्या, "ही वेळ कुठून आणली? रक्त घेतल्याची, की लॅबला पोचल्याची?" आमच्या मॉडेलमध्ये एकच वेळ होती आणि ती लॅबमध्ये बारकोड वाचल्याची होती. एक तासाची ट्यूब वॉर्डात पंचवीस मिनिटं पडून राहिली, तर आमच्या सॉफ्टवेअरने ती पंचवीस मिनिटं उशिराने घेतली असंच धरलं असतं.

आता शंकास्पद पान. मी ट्यूब १०२ वर 'हिमोलाइज, नाकारली' (म्हणजे रक्तपेशी फुटल्यामुळे न चालणारी) असं लिहिलं होतं आणि खाली नवी ट्यूब १०५, वेळ ११:३०, 'एक तासाने'. सीबीसीची ट्यूब खराब झाली की नवी घेतात, तसंच इथेही, असा माझा सरळ हिशोब. मॅडम पानाकडे बघत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ही नाही घेता येत. तो तास गेला." ग्लुकोज प्यायल्यानंतरचा एक तास परत आणता येत नाही. उरलेल्या दोन ट्यूबवर रिपोर्ट द्यायचा, की पेशंटला दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावून पहिल्यापासून चाचणी करायची, हे त्यांच्याकडे डॉक्टर ठरवतात. आमच्या कोडमध्ये 'पुन्हा सॅम्पल घ्या' हे एकच बटण सगळ्या ट्यूबना आहे.

त्या मधल्या तिसऱ्या गोष्टीला मॅडम 'टायमिंग' म्हणतात. "या टेस्टला तीन टायमिंग आहेत." क्लासचं नाव आता तेच.

एक प्रश्न उरतो. 'तास गेला, परत घेता येत नाही' हे मी कोणत्या आकृतीत दाखवू? स्टेट डायग्राममध्ये घालायला गेले तर सीबीसीची ट्यूब आणि या ट्यूबच्या अवस्था वेगळ्या होतात.

---

जुनी_वही

त्या 'तो तास गेला' या वाक्यासाठी बैठक वसूल झाली.

ट्यूबच्या स्टेट डायग्रामला हात लावू नका. ट्यूब दोन्हीकडे सारखीच आहे: घेतली, मिळाली, नाकारली. फरक टायमिंगमध्ये आहे. त्याचा वेगळा, छोटा स्टेट डायग्राम काढा: वाट बघतोय, सॅम्पल मिळालं, हुकलं. सीबीसीलाही एक टायमिंग असतोच, फक्त त्याला वेळेची अट नाही. त्याची ट्यूब नाकारली की तो परत 'वाट बघतोय'मध्ये जातो. वेळेची अट असलेला टायमिंग 'हुकलं'मध्ये जातो, आणि तिथून बाहेर पडणारा बाण टायमिंगचा नाहीच, तो चाचणीचा आहे: डॉक्टरांचा निर्णय. उपाशीपोटीची ट्यूब याला अपवाद असू शकते. ग्लुकोज प्यायच्या आधी ती खराब असल्याचं कळलं तर दुसरी घेता येईल, नंतर कळलं तर नाही. हे मॅडमना विचाराच.

नियम एका वाक्यात त्या आकृतीखालीच लिहा, मॅडमच्या शब्दांत. आणि तुमचं शंकास्पद पान टेस्ट केस म्हणून जसंच्या तसं कोडमध्ये उतरवा: ट्यूब १०२ नाकारली, १०५ साडेअकराला आली, सॉफ्टवेअरने ती घ्यायला नकार द्यायला हवा.

---

उभी_रेघ

आत्ताच फोनवर विचारलं. मॅडम म्हणाल्या, लॅबला ट्यूब पोचेपर्यंत पेशंटने ग्लुकोज प्यायलेलं असतंच, त्यामुळे त्यांच्याकडे उपाशीपोटीची ट्यूब हुकली की चाचणीच रद्द करतात. म्हणजे 'हुकलं'मधून निघणारे बाण दोन झाले. उद्या सकाळी सिस्टरांसमोर तेवढीच आकृती घेऊन बसते.